सान हुआन ते बालेर: फिलिपिनो क्रांतीच्या रणभूमीवर आठ दिवस

१८९६ ते १८९९ या काळात फिलिपिनो क्रांतिकारक आणि स्पॅनिश फौज यांच्यात ज्या चकमकी झाल्या, त्यांच्या जागा आजही पाहता येतात. बहुतेक जागा मनिलापासून दीड-दोन तासांच्या आत आहेत, एकच खूप लांब आहे. जवळची जागा आधी, लांबची नंतर असा हिशेब मात्र करू नये. लढाया ज्या क्रमानं झाल्या शक्यतो त्याच क्रमानं फिरावं, म्हणजे पहिल्या चकमकीतली चूक दुसरीत कशी सुधारली आणि तिसरीत शत्रूनं त्यावर काय उपाय काढला, हे पायाखालच्या जमिनीवरूनच कळत जातं.

तयारी थोडकी लागते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. जूननंतर पाऊस सुरू होतो, सहाव्या दिवसाच्या बियाक-ना-बातोची नदी फुगते आणि गुहा बंद होतात. भारतीय पासपोर्टवर जून २०२५ पासून पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसा लागत नाही, पण ही मुदत वाढवून मिळत नाही. उतरण्याआधीच्या ७२ तासांत ई-ट्रॅव्हल या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करून तिचा क्यूआर कोड फोनमध्ये ठेवावा. राष्ट्रीय इतिहास आयोगाची संग्रहालयं मोफत असतात, पण सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार प्रवासात किंवा बियाक-ना-बातोला घालवावा. मनिलातल्या लोकल गाड्यांसाठी बीप हे प्रवासी कार्ड घ्यावं, जीपनी (वाटेत थांबणारी सामायिक जीप) आणि ट्रायसिकलसाठी (बाजूला डबा जोडलेली मोटरसायकल) सुटे पेसो ठेवावेत. शाकाहारी माणसानं जेवण मागताना ‘वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग बागोओंग’ म्हणजे मांस नको, मासे नको, बागोओंग नको, असं तिन्ही सांगावं. बागोओंग हा खारवलेल्या कोळंबीचा किंवा माशांचा लगदा असतो आणि तो नुसत्या भाजीतही घालतात.

दिवस १: मनिला

सकाळी तोंदो. काटिपुनान ही स्पेनपासून स्वातंत्र्य मिळवू पाहणारी गुप्त संघटना इथंच ७ जुलै १८९२ रोजी स्थापन झाली. सुधारणा मागणारा लेखक होसे रिझाल याला अटक होऊन त्याला दापितानला हद्दपार करण्याचा हुकूम निघाला होता, त्याच वेळची ही गोष्ट. सुधारणा मागून मिळणार नाहीत, हे तेव्हा संघटनेचा संस्थापक आंद्रेस बोनिफासियो आणि सोबत्यांना कळून चुकलं.

दुपारनंतर इंत्रामुरोस, म्हणजे तटबंदीतलं जुनं शहर. सान्तियागो किल्ल्यात रिझालची शेवटची कोठडी आहे. तिथून बागुम्बायानपर्यंत, म्हणजे आजच्या रिझाल उद्यानापर्यंत, चालत जाता येतं. ३० डिसेंबर १८९६ रोजी त्याला याच रस्त्यानं नेलं आणि गोळ्या घातल्या. तटावरून चालताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ऑगस्ट १८९६ मध्ये या भिंतींच्या आत स्पॅनिश शिपाई फार थोडे होते. बरीचशी फौज मिंडानाओच्या मोहिमेत अडकलेली होती आणि स्पेनहून कुमक यायला ऑक्टोबर उजाडला. मनिलाच्या दक्षिणेकडच्या काविते प्रांतातल्या उठावाला पहिले दोन महिने श्वास घ्यायला मिळाले ते यामुळेच.

दिवस २: सान हुआन देल मोंते

एलआरटी-२ या लोकल गाडीनं रेक्तोनंतरच्या चौथ्या स्टेशनावर, जे. रुइझला उतरावं. तिथून पायी पिनाग्लाबानान स्मारक गाठता येतं. नावाचा अर्थच ‘जिथं लढाई झाली ती जागा’.

१९ ऑगस्ट १८९६ ला संघटनेचा सुगावा लागला. छापखान्यातला कामगार तेओदोरो पातिन्यो याच्याकडून बातमी पाद्री मारियानो हिलपर्यंत पोचली आणि धरपकड सुरू झाली. शस्त्रं जमायच्या आतच उठाव करावा लागला. ३० ऑगस्टला पहाटे बोनिफासियो आणि एमिलियो हासिंतो यांनी सान हुआनवर हल्ला केला. लक्ष्यं दोन होती: एल पोल्व्होरिन हे बारूदकोठार आणि एल देपोसितो हा मनिलाला पाणी पुरवणारा भूमिगत साठा. निवड अचूक होती. एकातून बंदुकांची भूक भागली असती, दुसऱ्यानं शहराचा गळा आवळला असता.

एल देपोसितो नीट पाहावा. ही पाणीयोजना १८८२ मध्ये सुरू झाली. मारिकिना नदीचं पाणी वाफेच्या पंपांनी वर उचलून इथं साठवत आणि उतारानं शहराकडे सोडत. संग्रहालयात हे सगळं मांडलेलं आहे. शेजारीच काटिपुनानचं संग्रहालय आहे आणि तिथं थांबायला हवं ते बोलोपाशी. बोलो म्हणजे आपल्या कोयत्याचा भाऊबंद: शेतात ऊस नि बांबू तोडायचा, टोकाकडे जड होत जाणारा. बहुतेक हल्लेखोरांच्या हातात तोच होता, किंवा बांबूचा भाला.

समोर रेमिंग्टन होती. ही एकाच गोळीची बंदूक. घोडा मागं ओढायचा, मागचा ठोकळा अंगठ्यानं पाडायचा, काडतूस सारायचं, ठोकळा मिटवायचा, चाप ओढायचा. सरावलेल्या शिपायाला एका गोळीला काही सेकंद पुरतात. बोलोवाल्याला उपयोग फक्त तेवढ्या सेकंदांचा, तोही हाताच्या अंतरावर पोचला तरच. अंधारात किंवा कोपऱ्यावर गाठलं तर बोलो जिंकतो. उघड्या चढावर दिवसाउजेडी रांगेत उभे शंभर रेमिंग्टनवाले आलटून पालटून झाडू लागले की मधे फट उरतच नाही. सान हुआनला नेमकं हेच घडलं. पहाटे पहारा थोडा होता तोवर रेटा टिकला. मग जनरल बेर्नार्दो एचालुसे ७३ वी रेजिमेंट घेऊन आला आणि चित्र फिरलं. माणसं मोठ्या संख्येनं पडली, उरलेली मांदालुयोंगकडे आणि पुढे डोंगरात हटली. पकडलेल्यांपैकी सांचो व्हालेन्सुएला आणि तिघांना ४ सप्टेंबरला बागुम्बायानवर गोळ्या घातल्या.

त्याच ३० ऑगस्टला गव्हर्नर-जनरल रामोन ब्लांकोनं आठ प्रांतांत लष्करी कायदा पुकारला. फिलिपिन्सच्या झेंड्यातल्या सूर्याचे आठ किरण उठावातल्या आठ प्रांतांचे.

दिवस ३: इमुस आणि सापोते

एलआरटी-१ आता पारान्याकेच्या पीआयटीएक्स बस टर्मिनलपर्यंत जाते. तिथून कावितेच्या बस मिळतात. सकाळी सातच्या आत निघावं, कारण अगिनाल्दो महामार्गावर नंतर वाहनं मुंगीच्या गतीनं सरकतात.

इमुसला जुना दगडी इसाबेल दुसरी पूल शोधावा. ३ सप्टेंबर १८९६ ला जनरल एर्नेस्तो दे अगिर्रेची फौज इथं मोडली. आदल्याच दिवशी बाकोओरला कावितेतला क्रांतिकारकांचा पुढारी एमिलियो अगिनाल्दो यानं उघड्यावर सामना दिला होता आणि मार खाल्ला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं पद्धत बदलली. पुलाचा मधला भाग काढून टाकला, पलीकडच्या काठावर माणसं दडवून बसवली आणि एक तुकडी नदी ओलांडून शत्रूच्या पाठीमागं धाडली. स्पॅनिश रांग अरुंद रस्त्यावरून पुलापाशी येऊन तटली. दोन्ही बाजूंना भाताची शेतं, पावसाळ्यातला चिखल. रांग पसरायला जागा नाही, म्हणून बंदुकांचा मारा पुढच्या काही जणांपुरताच. मागून हल्ला झाल्यावर पळायलाही तोच चिखल. सान हुआन आणि इमुस यांत दिवसांचं अंतर चार, पण रणविद्येचं अंतर फार मोठं, आणि म्हणूनच ही दोन ठिकाणं लागोपाठ पाहावीत.

इमुसला पाद्र्यांचा मोठा वाडा होता. तो हाती आल्यावर तिथं शस्त्रशाळा उभी राहिली. ती चालवली होसे इग्नासियो पाउआ या चिनी लोहारानं, जो पुढे क्रांतीचा सेनापती झाला. तुटक्या बंदुका जोडणं, छोट्या लांताका तोफा ओतणं, रिकामी काडतुसं परत भरणं ही कामं. काडतूस परत भरताना पितळी कवच तेच वापरता येतं, शिसं वितळवता येतं, काळं बारूद घरी बनतं. अडतं ते तळाच्या टोपीवर, कारण ठिणगी देणारं रसायन गावच्या भट्टीत सहज होत नाही. स्पेनहून नंतर आलेल्या कासादोर, म्हणजे हलक्या पायदळाच्या, पलटणींकडे माउझर होती, पाच गोळ्यांची आणि बिनधुराच्या बारुदाची. तिचं काडतूस अशा शाळेत बनणं शक्यच नव्हतं. माउझर हिसकावली तरी तिच्या गोळ्याही हिसकावाव्या लागत.

दुपारी सापोते. लास पिन्यास आणि बाकोओर यांच्या हद्दीवरच्या नदीचा जुना पूल आता पायी चालण्यापुरता आहे. या पुलावर दोन वेगळ्या लढाया झाल्या आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. १७ फेब्रुवारी १८९७ ची स्पॅनिशांशी, १३ जून १८९९ ची अमेरिकनांशी. पहिल्या लढाईचा शिल्पकार एदिलबेर्तो एव्हांहेलिस्ता, बेल्जियमच्या गेंटमध्ये शिकलेला अभियंता. नदीच्या काठानं त्यानं मातीचे जाड बांध आणि खंदक उभारले. गोळी मातीत रुतते आणि तोफेचा गोळाही ओल्या मातीच्या बांधात बरंचसं बळ गमावतो. दगडी भिंत मात्र फुटते आणि तिच्या चिपाच माणसं मारतात. त्या दिवशी सापोते टिकलं, पण एव्हांहेलिस्ता पडला.

पुलावर उभं राहून मनिलाच्या दिशेला तोंड करावं. सगळे खंदक याच दिशेला बघत होते. ही गोष्ट पाचव्या दिवशी उपयोगी पडेल.

वेळ उरला तर लास पिन्यासच्या चर्चमधला बांबूचा ऑर्गन पाहावा. १८२४ चा आहे आणि अजून वाजतो.

दिवस ४: बिनाकायान, दालाहिकान, आलापान, काविट

कोकणात वाढलेल्या माणसाला हा दिवस फार समजावून सांगावा लागणार नाही. मिठागरं, मत्स्यशेतीचे बांध, भरतीला बुडणारी खाजणं, मधून जाणारी एखादीच टणक वाट. आज बरीच भर घातली गेली आहे, तरी बिनाकायानच्या किनाऱ्याकडच्या गल्ल्यांतून ती जमीन ओळखू येते.

९ ते ११ नोव्हेंबर १८९६ या दिवसांत ब्लांकोनं इथं दुहेरी हल्ला चढवला. स्पेनची नवी कुमक आलेली, खाडीतून युद्धनौकांचा तोफमारा. एक फौज बिनाकायानवर, दुसरी काविते बंदराकडून दालाहिकानवर. दालाहिकान म्हणजे काविते द्वीपकल्पाला नोव्हेलेताशी जोडणारी जमिनीची अरुंद मान. तिथून पुढं यायचं तर सगळ्यांना एकाच पट्ट्यावरून यावं लागतं, आणि पलीकडे सान्तियागो आल्व्हारेसची माणसं खंदकात बसलेली. बिनाकायानला अगिनाल्दो होता. नौकांच्या तोफांनी बांध विस्कटले, पण जिंकलेली जागा धरायला पायदळच पुढं यावं लागतं. चिखलात गुडघाभर रुतलेल्या शिपायाला बंदूक कोरडी ठेवत पुढं सरकता येत नाही. खंदकाच्या तोंडाशी हातघाई झाली आणि तिथं बोलो माउझरला भारी पडला. अगिनाल्दोचा जिवलग कांदिदो तिरोना इथंच गेला. स्पॅनिश फौज माघारी फिरली आणि डिसेंबरात ब्लांकोच्या जागी कामिलो दे पोलाव्हिएहा आला.

जाता जाता आलापान. इथली चकमक २८ मे १८९८ ची, अगिनाल्दो हाँगकाँगहून परतल्यावरची (तो तिथं का गेला ते सहाव्या दिवशी). जिंकल्यानंतर मार्सेला आगोन्सिलो आणि दोन सोबतिणींनी हाँगकाँगला शिवलेला झेंडा फडकवला, म्हणून २८ मे हा त्यांचा राष्ट्रध्वज दिन.

दिवसाचा शेवट काविटला अगिनाल्दोच्या घरी. १२ जून १८९८ ला इथं स्वातंत्र्य जाहीर झालं. जुन्या पाच पेसोच्या नोटेवर तो प्रसंग सज्जात दाखवलेला आहे, पण सज्जा नंतर बांधला. जाहीरनामा वाचला गेला तो खिडकीतून, आणि वाचला आम्ब्रोसियो रियांसारेस बाउतिस्तानं. अगिनाल्दोची समाधी घरामागच्या बागेत आहे.

दिवस ५: दास्मारिन्यास ते मारागोन्दोन

सगळ्यात जड दिवस. खासगी गाडी घ्यावी, जीपनी बदलत हे एका दिवसात होत नाही.

पोलाव्हिएहानं ब्लांकोची चूक पुन्हा केली नाही. सापोतेवर हल्ला चालू ठेवून त्यानं जनरल लाचाम्ब्रेला लागुना प्रांताच्या बाजूनं, म्हणजे जमिनीकडून, घुसवलं. १९ फेब्रुवारीला सिलांग पडलं, २५ ला दास्मारिन्यास. एव्हांहेलिस्ताचे खंदक मनिलाकडे तोंड करून होते आणि शत्रू पाठीकडून उतरत होता. इकडे कोरडी, टणक, उतरती जमीन, तोफा ओढायला रस्ता. खाजण नाही, मोडायला पूल नाही. महिनाभरात, २५ मार्चला, इमुस पडलं.

आणि नेमक्या याच दिवसांत क्रांतिकारकांचे दोन गट, माग्दिवांग आणि माग्दालो, नेतृत्वावरून भांडत होते. २२ मार्चला तेहेरोसच्या बैठकीत अगिनाल्दो गैरहजेरीत अध्यक्ष निवडला गेला, कारण तो पासोंग सान्तोलच्या आघाडीवर होता. बोनिफासियोला गृहखातं मिळालं. तो वकील नाही म्हणून त्या पदालाही दानियेल तिरोनानं भर सभेत हरकत घेतली. बोनिफासियोनं बैठकच रद्द ठरवली. अगिनाल्दो शपथेला जाताना मोर्चा भाऊ क्रिस्पुलोकडे सोपवून गेला. २४ मार्चला पासोंग सान्तोल पडलं आणि क्रिस्पुलो तिथंच मारला गेला. या जागेवर वस्ती झाली आहे, पाहायला फारसं नाही. तरी गाडी थांबवावी. कावितेचा लढा हरला तो इथं.

मारागोन्दोनला बोनिफासियोवर खटला चालला ते घर संग्रहालय म्हणून जपलं आहे. आरोप राजद्रोहाचा, न्यायाधीश त्याचेच एकेकाळचे सोबती. १० मे १८९७ ला त्याला आणि भाऊ प्रोकोपियोला जवळच्या डोंगरात नेऊन मारलं. काटिपुनान उभी करणाऱ्या माणसाला स्पॅनिशांनी मारलं नाही, हे त्या खोलीत उभं राहिल्यावर सोसत नाही. परतायला रात्र होते.

दिवस ६: बियाक-ना-बातो

मनिलाजवळच्या कुबाओ बसतळावरून काबानातुआनकडे जाणाऱ्या बसनं बुलाकानमधल्या सान मिगेलला उतरायचं आणि ट्रायसिकलनं राष्ट्रीय उद्यानापर्यंत. वाटाड्या घ्यावा, बॅटरी आणि ओल्या दगडावर न घसरणारे बूट हवेत.

‘बियाक-ना-बातो’ म्हणजे दुभंगलेला खडक. चुनखडीचे कडे, गुहा आणि मधून नदी. काविते गेल्यावर अगिनाल्दो इथं आला आणि लढाईची रीत पुन्हा बदलली: जागा धरायची नाही, ठाण्यांवर झडप घालायची आणि खडकांत नाहीसं व्हायचं. आपल्याकडे गनिमी कावा म्हणतो तोच. स्पॅनिशांना हे ठाणं घेणं परवडत नव्हतं, क्रांतिकारकांना इथून जिंकणं शक्य नव्हतं. म्हणून डिसेंबर १८९७ मध्ये तह झाला. ८ लाख पेसो हप्त्यांनी, त्यांतले ४ लाख अगिनाल्दो हाँगकाँगला गेल्यावर. तह दोन्ही बाजूंनी पाळला नाही. त्या ४ लाखांतूनच पुढे शस्त्रं घेतली गेली.

दुपारी दोनपर्यंत बाहेर पडावं, काबानातुआनला मुक्काम करावा.

दिवस ७ आणि ८: बालेर

काबानातुआनहून सियेरा माद्रे डोंगर ओलांडून बस आणि व्हॅन बालेरला जातात. घाट वळणांचा आहे, पोट सांभाळावं. मनिलाहून थेट यायचं तर कुबाओहून बस आहे.

ऑक्टोबर १८९७ मध्ये इथली स्पॅनिश तुकडी गावभर वेगवेगळ्या घरांत विखरून झोपली होती. रात्री हल्ला झाला आणि ती कापली गेली. पुढच्या तुकडीनं त्यातून धडा घेतला. जून १८९८ अखेर गाव रिकामं होताना दिसताच पन्नासेक माणसं चर्चमध्ये शिरली. गावातली एकमेव जाड भिंतींची इमारत तीच. दारं-खिडक्या चिणल्या, भोवती खंदक खणला, आवारात विहीर काढली. विहिरीला पाणी लागलं म्हणून वेढा ३३७ दिवस चालला.

गोळीनं त्यांच्यातले दोनच मेले, आजारानं डझनाहून जास्त. पाद्र्यानं साठवलेलं भात होतं, पण मीठ नाही, ताजं काही नाही. बेरीबेरी झाली: पाय सुजतात, सूज वर चढते, शेवटी हृदय थांबतं. कॅप्टन दे लास मोरेनास आणि लेफ्टनंट आलोन्सो दोघे आजारानंच गेले. डिसेंबरात लेफ्टनंट मार्तिन सेरेसोनं अचानक बाहेर झडप घालून जवळची घरं जाळली. वेढा मागं सरकला, आवाराबाहेरचा पाला आणि फळं मिळाली आणि आजार ओसरला. जे काम डॉक्टरला जमलं नव्हतं ते भोपळ्याच्या पाल्यानं केलं.

१० डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहानं स्पेननं ही बेटं अमेरिकेला २ कोटी डॉलरला देऊनही टाकली होती. वेढणाऱ्यांनी तसं वारंवार कळवलं, वर्तमानपत्रं धाडली. सेरेसोला सगळं बनावट वाटलं. मे १८९९ च्या शेवटी एक स्पॅनिश अधिकारी स्वतः ‘एल इम्पार्सियाल’चे अंक ठेवून गेला, तेही त्याला खोटेच वाटले. मग पानं चाळताना एका ओळीवर नजर पडली: लेफ्टनंट फ्रान्सिस्को दियास नाव्हार्रोची मालागाला बदली. हा त्याचा मित्र, आणि मालागाला जायची इच्छा त्यानं खासगीत सेरेसोलाच सांगितली होती. ती ओळ मनिलात बसून कोणी रचू शकत नव्हतं. २ जून १८९९ ला पांढरं निशाण वर गेलं. तीसेक माणसं जिवंत बाहेर आली.

आजची चर्चची इमारत नंतर उभारलेली आहे, म्हणून जुन्या भिंतीतली गोळ्यांची भोकं शोधू नयेत. आवारातून फिरून वेढणाऱ्यांचे मोर्चे किती जवळ होते याचा अंदाज मात्र घ्यावा. एका बाजूचं बोलणं दुसऱ्या बाजूला ऐकू जाई. मग बालेर संग्रहालय.

३० जून १८९९ ला अगिनाल्दोनं फर्मान काढलं की या माणसांना कैदी न समजता मित्र समजावं आणि घरी जाण्यासाठी परवाने द्यावेत. तेव्हा तो स्वतः अमेरिकनांशी लढत मागं हटत होता. फिलिपिन्समध्ये २००३ पासून ३० जून हा फिलिपिनो-स्पॅनिश मैत्री दिन आहे आणि बालेरला तो मोठा होतो. त्या आठवड्यात यायचं असेल तर खोली आणि परतीची बस आधीच धरून ठेवावी, आणि पावसाळा असल्यानं घाटासाठी एक दिवस जास्तीचा हाताशी ठेवावा.